काचपट्टीवर वाळलेली पेशी

इकडे, या काचपट्टीवरून बोलतेय मी. गालाच्या आतल्या अस्तरातली एक पेशी. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही, उगाच शोधू नका.

माझं घर लहान, पण नीटनेटकं होतं हो. बाहेरून पातळ पटल. कुणाला आत घ्यायचं, कुणाला दारातूनच परत पाठवायचं, ते तेच ठरवायचं. आत दाटसर पेशीद्रव. त्यात तंतुकणिका साखर जाळून घर चालवायच्या. केंद्रकाला लागून असलेल्या जाळीवर प्रथिनं तयार व्हायची, शेजारीच त्यांची बांधाबांध चालायची आणि केरकचरा गिळायला लयकारिका होत्या. मधोमध केंद्रक, गोल, आटोपशीर. घराण्याची सगळी माहिती त्याच्यापाशी. त्याला विचारल्याशिवाय इथे पानही हलत नसे.

आमची बाई कपडे शिवायची आणि बोलायची. टाचण्या तोंडात धरूनही बोलायची! तिच्या तुटक्या दाढेची कड आम्हाला रोज घासायची. तिथे पांढरा चट्टा उठला, तेव्हा लेकीने हट्टाने दवाखान्यात आणलं.

"आई, नुसतं खरवडणार आहेत गं."

"खरवडू देत की. गप्प बसा म्हणाले तर मात्र पंचाईत!"

बोलत होती, पण तिचं तोंड कोरडं पडलं होतं. मला आतून कळत होतं.

तंत्रज्ञाने लाकडी पट्टीने आम्हाला खरवडलं आणि काचेवर पसरलं. ओलं असतानाच आम्हाला अल्कोहोलच्या बरणीत बुडवायचं असतं. पण काचेवर आधी नाव लिहायचं राहून गेलं होतं. माणूस काटेकोर! नावांची अदलाबदल नको म्हणून त्याने पेन्सिल शोधली, मोडलेलं टोक काढलं आणि सुबक अक्षरात नाव लिहिलं. वर पंखा गरगरत होता. मी वाळले, चपटी झाले आणि माझं केंद्रक पसरून सुजल्यासारखं दिसू लागलं.

मग आम्हाला रंगवलं. सूक्ष्मदर्शकात बघताना डॉक्टरीणबाई थबकल्या. "बापरे, केंद्रक केवढं हे!" केंद्रक असं मोठं दिसलं, की कर्करोगाची शंका येते. संशयाची खूण म्हणून माझ्याशेजारी शाईचा ठिपका पडला. अहो डॉक्टरीणबाई, वाळलेय मी! ओरडावंसं वाटलं, पण मला कुठलं तोंड?

नशीब, त्यांनी काच पुढे सरकवली. कडेला लाळेच्या थेंबाखाली माझ्या काही बहिणी ओल्या राहिल्या होत्या. त्यांची केंद्रकं लहान, गोल.

"ही काच वाळली होती का हो?"

"नाव लिहीत होतो, मॅडम," तंत्रज्ञ खाली बघत म्हणाला.

"मग एवढ्यावरून काहीच सांगता येणार नाही. त्यांना परत बोलवा."

त्याने बाईला फोन लावला. "नमुना पुन्हा घ्यावा लागेल. उद्या या." का, ते सांगायची त्याला लाज वाटली असावी. तिकडून शिलाई मशीनचा आवाज येत होता, तो थांबला. बाई काहीच बोलली नाही.

त्या तोंडात मी जन्मले, वाढले. ते गप्प झालेलं मला माहीतच नाही. माझं काय, मला आता खोक्यात ठेवतील. पण कुणीतरी तिला परत फोन करा हो! चट्ट्याचं काय ते उद्या कळेल. आज तिला एवढंच सांगा, की आम्ही वाळलो होतो.