कॅमेऱ्याशेजारचे रिकामे स्टूल

मित्रांनो, बसायच्या वस्तूकडे कोणी निरखून बघत नाही, म्हणून माझी ओळख मीच करून देते. मी एक जुने सागवानी स्टूल आहे. कलकत्त्यातल्या टालीगंजच्या एका स्टुडिओत जमीनदाराच्या दिवाणखान्याचा सेट उभा राहिला होता. त्यातून उरलेल्या लाकडाचे हारान मिस्त्रीने मला केले. घाईत केले, त्यामुळे माझा एक पाय किंचित आखूड राहिला. त्या आखूड पायामुळेच कोण कसे बसले आहे ते मला नेमके कळते.

माणूस तोंडाने काहीही बोलो, बसताना त्याला खोटे वागता येत नाही. निर्माते पहिल्या आठवड्यात ऐसपैस बसतात, शेवटच्या आठवड्यात काठावर टेकतात. नवा नट बसण्याआधी मला स्वतःच्या रुमालाने पुसतो. त्याचा चित्रपट चालला, की दुसरे कोणीतरी पुसेपर्यंत तो उभा राहतो.

माझी जागा कॅमेऱ्याला खेटून. पडद्यावर नायिका नायकाकडे डोळे भरून बघते ना, तेव्हा प्रत्यक्षात ती कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी बघत असते. तिथे मी असते आणि माझ्यावर नायकाने बसावे, अशी रीत आहे. पण स्वतःचे क्लोजअप आटोपले की नायक बहुधा निघून जातात आणि जो मोकळा असेल तो येऊन बसतो.

एका वर्षी आमच्याकडे एका जुन्या प्रेमकादंबरीवर चित्रपट होत होता. बंगालात लग्नाच्या आहेरात हमखास यायची, अशी ती कादंबरी. नायक प्रियतोषबाबू, नायिका मालबिका. या जोडीसाठी लोक फाटकाबाहेर तासन्‌तास उभे राहत. दोघांचे लग्न आधीच गुपचूप झाले आहे, असे चहावाला शपथेवर सांगे. आणि इकडे आत, मित्रांनो, दोघे एकमेकांशी बोलतसुद्धा नसत. जे काही बोलायचे ते दिग्दर्शक नृपेनदांच्या मार्फत.

भांडणाचे कारण मीच होते म्हणा ना. प्रियतोषबाबूंच्या क्लोजअपला मालबिका न चुकता माझ्यावर येऊन बसे. दोन्ही पाय टेकून, पाठ ताठ, सगळे वजन समोरच्याला देऊन. तिची पाळी आली, की हे निघाले. संध्याकाळी उत्तर कलकत्त्यात त्यांचे नाटक असे, गाडी दारात चालू असे. मग माझ्यावर बसत व्यवस्थापक गोष्ठबाबू. गालात पान, मांडीवर मुडीचा, म्हणजे कुरमुऱ्यांचा, पुडा. मालबिका त्यांच्याकडे असे बघे, की कॅमेरामनचाही श्वास अडके.

"अहो, आमच्या गृहलक्ष्मीनं एकदा तरी असं बघितलं असतं," गोष्ठबाबू म्हणत, "तर मी पान सोडलं असतं!"

सगळे हसत. मालबिकाही हसे. पण एका दिवशी तिचे हसू ओसरले. चित्रपटाचा शेवटचा प्रसंग जवळ आला होता. वर्षानुवर्षे बेपत्ता असलेला नायक घरी परततो आणि ती दिवा घेऊन दारात येते. शब्द एकही नाही, फक्त तिचा चेहरा. त्या चेहऱ्यासाठीच लोक तिकीट काढणार होते.

"नृपेनदा," ती म्हणाली, "माझं अख्खं प्रेम गोष्ठबाबूंच्या पानावर चाललंय. हा शॉट मी पानाला देणार नाही. या वेळी आमचे नायक स्वतः बसतील."

प्रियतोषबाबू हाताच्या अंतरावर उभे होते. तरी ते नृपेनदांना म्हणाले, "त्यांना सांगा, नाटकाचा पडदा माझ्यासाठी थांबत नाही."

"त्यांना सांगा, मी थांबते ना रोज त्यांच्यासाठी, या लंगड्या स्टुलावर! त्यांच्या डोळ्यांत जे बघून बायका रुमाल भिजवतात, ते येतं कुठून?"

"माझ्या आईकडून," प्रियतोषबाबू म्हणाले. "डोळे तिचेच आहेत."

"मग आईंना आणून बसवा!"

गोष्ठबाबूंना हसताना ठसका लागला. प्रियतोषबाबू मात्र आले आणि पहिल्यांदाच माझ्यावर बसले. एका बाजूला कलंडून, सगळा भार आखूड पायावर आणि गुडघा एकसारखा हलत. निघायची घाई असलेल्या माणसाचे बसणे. पण त्या दिवशी त्यांनी मधला माणूस वगळला.

"सोमवारी नाटक नसतं," ते तिच्याकडे बघत म्हणाले. "सोमवारी बसतो."

"बघू," ती म्हणाली.

रविवारी नाटकाचा खेळ संपला आणि रंगपटात, तोंडाचा रंग पुसण्याआधीच, प्रियतोषबाबूंचे हृदय थांबले.

त्यांचे सगळे काम आधीच चित्रित झाले होते. राहिला होता फक्त तिचा एक चेहरा. काही दिवस स्टुडिओला टाळे होते. मग तो सेट पाडायची वेळ आली, कारण जागा दुसऱ्या कंपनीला हवी होती. मालबिका आली. दिव्याखाली उभी राहिली. गोष्ठबाबूंनी पान थुंकून, चूळ भरून, धुतलेला सदरा घातला होता. ते हलक्या पावलांनी माझ्याकडे आले.

"नको, गोष्ठबाबू," ती म्हणाली. "मोकळंच राहू द्या."

"दीदी, नजर कुठं ठेवाल?"

"ठेवीन."

दिवे लागले. मित्रांनो, आता जे सांगते ते जसे घडले तसेच सांगते. दिव्यांच्या उष्णतेने लाकूड कुरकुरते, हे मलाही माहीत आहे. पण कुरकुरणे वेगळे आणि पेलणे वेगळे. कॅमेरा सुरू झाला आणि माझ्या आखूड पायावर भार आला. एका बाजूला कलंडलेला. गुडघा मात्र या वेळी हलत नव्हता.

मालबिकाने वर बघितले. तिचे ओठ हलले. प्रसंगात शब्द नव्हता, तरी हलले. ती काय पुटपुटली, यावर बंगालात आजही पैजा लागतात. कोणी म्हणते नायकाचे नाव घेतले, कोणी म्हणते देवाचे. मी समोरच होते. ती म्हणाली, "आता उठू नका."

शॉट संपला. कोणी टाळी वाजवली नाही. खबरदारी म्हणून नृपेनदांनी आणखी एक टेक मागितला. तिने तोही दिला, होते नव्हते ते सगळे कसब पणाला लावून दिला. त्या वेळी माझ्यावर काहीच नव्हते. तो तुकडा पुढे कचऱ्यात गेला.

चित्रपट तुफान चालला. यांचे प्रेम खरेच होते, असे लोक छातीठोकपणे सांगू लागले. पुढे मालबिकासमोर अनेक नायक आले आणि बिचारे मुकाट्याने माझ्यावर बसलेही. तरी तशी जोडी पुन्हा जमली नाही. ती मात्र वय झाल्यावरही, स्वतःचे काम संपले तरी, कोणा नवख्या मुलीच्या क्लोजअपला गुडघे धरत येऊन बसे. "घाबरू नकोस गं, तुझं होईपर्यंत मी आहे," म्हणे.

आता मी गोदामात असते. हल्ली कॅमेऱ्याशेजारी रंगीत पट्टी चिकटवतात आणि नायिका तिच्याकडे बघते. माझ्यावर रंगाचे डबे ठेवतात. गेल्या दुर्गापूजेच्या आधी मालबिका काठी टेकत आली होती. गोदामाच्या रखवालदाराने डबे उतरवले, मला पुसले आणि म्हणाला, "बसा, आजी."

ती बसली नाही. माझ्यासमोर उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हसून म्हणाली, "कशी बसू? जागा भरलेली आहे."

मित्रांनो, जागा भरलेली नव्हती. वजनाच्या बाबतीत माझी चूक होत नाही. माझ्यावर धूळसुद्धा उरली नव्हती. ती मात्र बराच वेळ तशीच बघत राहिली, त्याच नजरेने, आणि मी पाय घट्ट रोवून, कोणीतरी बसले आहे असे उभे राहिले. याहून जास्त मला काही करता येत नव्हते.

म्हणून तुम्हाला कळवळून सांगते. मला पुसा न पुसा, डबे ठेवा, हवे तर चुलीत घाला. पण तुमच्या समोरचे कोणी तुमची वाट बघत असेल, तर आपले काम झाले म्हणून उठून जाऊ नका. गेलेला माणूस एकदा येतो, हे मी स्वतः पेलले आहे. दुसऱ्यांदा मात्र तो येत नाही.