एकशे बारा एरर

त्या दिवशी तिला चारच्या बसने जायचं होतं. नवऱ्याची बदली होऊन दोन महिने झाले होते, लेकही त्याच्याबरोबर गेली होती, आणि ती मात्र एका ड्रायव्हरपायी इथेच अडकून पडली होती. हा ड्रायव्हर गाडीवरचा नव्हे. दवाखान्यातला सलाईनचा पंप आणि कॉम्प्युटर यांचं बोलणं घडवणारा कोड. सात वर्षांपूर्वी तिनेच लिहिलेला, म्हणून कायमचा तिच्याच गळ्यात.

ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती आली आणि कोड कम्पाइल होईना; तो तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा कम्पायलर चुकाच दाखवत राहिला. सकाळी त्रेचाळीस एरर होते. एक हेडर फाइल बदलल्यावर सात उरले, तिचा जीव भांड्यात पडला. ते निस्तरले, तर पुढच्या फाइलमधले एकशे बारा अंगावर आले. बिनखिडकीच्या खोलीत ती जेवण विसरून ओळीमागून ओळ उपसत राहिली.

तीन वाजता एकच उरला. टायमर संपला की बाटली तपासणाऱ्या ज्या फंक्शनला हाक जाते, त्याला पूर्वी पंपाचा पत्ता मिळायचा. नव्या सिस्टिममध्ये टायमरचाच मिळत होता.

साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "अगं, कास्ट टाक, टायमरचा पत्ता पंपाचाच म्हणून दडपून दे आणि मोकळी हो. कम्पायलर गप्प बसेल."

"पंपही गप्प बसेल, साहेब. बाटली संपली तरी अलार्म वाजायचा नाही."

"ते टेस्टिंगवाले बघतील. तुला बस आहे ना?"

तिची बोटं कीबोर्डवर थबकली. एका ओळीचं तर काम होतं. घड्याळाकडे न बघता तिने नवऱ्याला फोन लावला.

"आज नाही जमत रे."

तो म्हणाला, "तिला तूच सांग. दारात बसलीय."

लेकीने "बरं" एवढंच म्हटलं. रडली असती तर परवडलं असतं.

पाचला कोड एकही एरर न देता कम्पाइल झाला. तिने चाचणीच्या पंपाची बाटली रिकामी केली. अलार्म कर्कश वाजला.

"बघ, तुझ्याशिवाय कुणाला जमतं का हे?" साहेब खूश होऊन म्हणाले. "आता पंपाची उरलेली तीन मॉडेलंही उरकून टाक."

असंच आणखी सात वर्षं चालणार होतं. ती उठली आणि तिने आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"बसा, साहेब. पुढचं मॉडेल तुम्ही करा. मी शेजारी उभी राहून सांगते. उद्या चारपर्यंत."

साहेब हसले. ती हसत नाही असं दिसल्यावर मात्र मुकाट्याने बसले.