घंटा वाजली की बसायचं

अबोलीच्या घरी कोणी येणार म्हटलं की आधी तिच्या हातात फडकं येतं आणि मग येणारा कोण, हा विचार. तिची पहिली तक्रार बुडाली ती याच सवयीपायी.

कॅनडातल्या कनाटा उपनगरात सिटीच्या स्वस्त भाड्याच्या घरांपैकी एक तिला मिळालं होतं. नवऱ्याची नोकरी गेली, तसा तो आधी घरातून निघून गेला, मग प्रांतातूनच. त्यानंतर वेटिंग लिस्टवर नाकीनऊ येईपर्यंत थांबून हे टाउनहाउस पदरात पडलं. घर बरं होतं, पण तिच्या आठ वर्षांच्या मुलीच्या, ऊर्मीच्या खोलीची एक भिंत काळ्या बुरशीने भरलेली. पोरगी सारखी खोकायची. हाउसिंगवाल्यांनी सल्ला दिला, खिडकी उघडी ठेवा. तोही जानेवारीत, बाहेर नाक गळून पडेल अशा थंडीत. शेवटी अबोली ओम्बड्समनकडे गेली. ओम्बड्समन म्हणजे सरकारी कारभाराविरुद्धची गाऱ्हाणी ऐकणारं सरकारी ऑफिस. ते कोणाला हुकूम सोडत नाही, नुसतं विचारतं, "काय हो, नीट वागलात ना?" पण तेवढ्यानेही काही लोकांच्या पोटात गोळा येतो. हाउसिंगवाल्यांनी लगोलग इन्स्पेक्टर पाठवायचं ठरवलं.

आणि आदल्या दिवशी आमच्या बाईसाहेबांनी काय करावं? भिंत व्हिनेगरने घासली, ब्लीचने पुसली, उदबत्ती लावली आणि पोह्यांची तयारी करून ठेवली. लोक घरी येणार, ते काय म्हणतील! इन्स्पेक्टरने पोहे खाल्ले, पांढरीशुभ्र भिंत पाहिली, 'व्हेरी वेल केप्ट' असा शेरा मारला आणि फाइल बंद केली. पंधरवड्यात बुरशी पुन्हा हजर. अबोलीने कानाला खडा लावला की यापुढे तक्रारीच्या कामात साफसफाई करायची नाही.

मग शाळेचं उपटलं. ऊर्मी बोलते अगदी कमी, आणि मोठा आवाज झाला की पळते. पळते म्हणजे दार उघडून, कोट न घालता, थेट पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधोमध. म्हणून शाळेत दिवसभर तिच्याबरोबर मिस पॉलीन नावाची मदतनीस असायची. घंटेआधी ती ऊर्मीच्या कानांवर हेडफोन चढवायची आणि हात धरून ठेवायची. मिस पॉलीन होती म्हणून ऊर्मी पळत नव्हती. ऊर्मी पळत नाही हे पाहून स्कूल बोर्डाने मिस पॉलीनला काढून घेतलं. तुम्ही छत्रीमुळे भिजत नाही ना, मग छत्री परत द्या, असला न्याय. पुढच्याच आठवड्यात ऊर्मी नुसत्या मोज्यांवर बर्फात, बर्फ लोटणाऱ्या स्नो-प्लाऊच्या समोर उभी सापडली. ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून निभावलं.

मदतनीस परत द्या, एवढंच अबोलीचं मागणं. टीचरने प्रिन्सिपलकडे बोट दाखवलं, प्रिन्सिपलने बोर्डाच्या सुपरिंटेंडंटकडे, सुपरिंटेंडंटने पुन्हा टीचरकडे. प्रत्येक जण मान वाकडी करून "वी हिअर यू" म्हणायचा. ऐकू सगळ्यांनाच येत होतं, कान कोणाचेच बिघडले नव्हते. अबोली पुन्हा ओम्बड्समनच्या दारात. तिथून चौकशीचा फोन गेला तसा बोर्ड ऊर्मीचं नव्याने असेसमेंट करायला तयार झाला. डॉक्टर लाफ्लाम नावाच्या सायकॉलॉजिस्ट बाई तिला तपासणार, आणि मदतनीस द्यायची की नाही हे त्यांच्या रिपोर्टवर ठरणार.

त्याच सुमारास अबोलीचे वडील नागपूरहून आले होते. भाऊसाहेब म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या शाळेचा दहावीचा निकाल कधी पडला नाही, आणि ही गोष्ट त्यांनी अजून कोणाला विसरू दिलेली नाही.

"परीक्षा केव्हा आहे पोरीची?" त्यांनी विचारलं.

"परीक्षा नाही बाबा, असेसमेंट आहे."

"म्हणजे बाहेरच्या बाई येऊन प्रश्न विचारणार नं?"

"हो, पण तिला काहीही शिकवायचं नाही. आहे तशी त्यांना दिसली पाहिजे. नाही जमलं तरच मदत मिळेल, कळतंय ना?"

भाऊसाहेबांनी मान हलवली. ती मान अबोलीने होकाराची समजली, इथेच घोड्याने पेंड खाल्ली. अहो, ज्या माणसाने आयुष्यभर ढ पोरांना घरी बोलावून, फुकट शिकवून पास करवलं, त्याला तुम्ही सांगता की नातीला नापास होऊ द्या?

असेसमेंटच्या दिवशी अबोली शाळेतल्या खोलीच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसली. डॉक्टर लाफ्लाम म्हणाल्या, "हाय ऊर्मी." एरवी अशा वेळी ऊर्मी टेबलाखाली जाते. आज तिने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग, मॅडम. आय अ‍ॅम फाइन."  चित्रं दाखवली, ऊर्मीने धडाधड नावं सांगितली. ठोकळे दिले, तिने मनोरा रचला. मग शाळेची घंटा झाली. अबोली धावायच्या तयारीत अर्धी उठली होती. ऊर्मी मात्र खुर्चीत ताठ बसली, हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं आणि घंटा थांबेपर्यंत हलली नाही.

हाताची घडी, तोंडावर बोट. कॅनडाच्या कुठल्या शाळेत हे शिकवतात? डॉक्टर लाफ्लाम कौतुकाने लिहीत सुटल्या आणि अबोलीला रडावं की ओरडावं ते कळेना.

भाऊसाहेब गाडीत वाट पाहत होते. बसल्या बसल्या तिने त्यांना विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. ऊर्मी शाळेतून आली की, अबोली ऑफिसातून परतायच्या आत भाऊसाहेब देवघरातली घंटा घेऊन बसायचे. घंटा वाजली की बसायचं. बसली की शाब्बास आणि एक बेदाणा. पुढे पुढे तर हे म्हातारबुवा स्टुलावर चढून स्वयंपाकघरातल्या स्मोक अलार्मचं बटण दाबायचे, पोरीचा पाया पक्का व्हावा म्हणून.

"बाबा, तुम्ही माझ्या लेकीचा घात केलात."

"अगं, मी आलो तेव्हा पोरगी माझ्या हाकेला ओ देत नव्हती," भाऊसाहेब खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "पहिल्यांदा ऐकलं तिने माझं. मला थांबवेना."

 भिंत घासणाऱ्या बाईने कोणत्या तोंडाने बोलावं?

रिपोर्ट आला. स्वतंत्र मदतनिसाची गरज नाही. बोर्डाने तो ओम्बड्समनला पाठवला आणि तिथल्या बाईंनी फोनवर अबोलीचं अभिनंदन करून फाइल बंद केली.

मग एका सकाळी शाळेत फायर ड्रिल झाली, आगीची रंगीत तालीम. अलार्म कोकलला, पोरं रांगेने बाहेर पडली, मैदानात उभी राहिली. ऊर्मी वर्गातच होती. हाताची घडी, तोंडावर बोट. बाहेर हजेरी घेताना एक पोर कमी भरलं, तेव्हा कुठे माणूस आत धावला. तालीम होती म्हणून बरं. खरी आग असती तर, हा विचार दिवसभर अबोलीच्या डोक्यातून जाईना. भाऊसाहेब त्या दिवशी जेवले नाहीत.

प्रिन्सिपल मिस्टर टेट यांनी मीटिंग बोलावली. डॉक्टर लाफ्लामही होत्या. ऊर्मी खिडकीशी उभी राहून त्यांची पेनं ओळीत लावत होती.

"चांगली गोष्ट अशी," मिस्टर टेट हसून म्हणाले, "की ती पळाली नाही."

भाऊसाहेब उठून उभे राहिले. स्वेटरची बटणं त्यांनी गळ्यापर्यंत लावली होती. "मॅडम," ते डॉक्टर लाफ्लामना म्हणाले, "मी तिची तयारी करून घेतली. आय चीटेड. प्लीज फेल हर."

आयुष्यात एकाही पोराबद्दल त्यांनी हे वाक्य उच्चारलं नव्हतं. अबोलीला बापाकडे बघवेना.

"सर, इथे कोणी पास-नापास होत नसतं," डॉक्टर लाफ्लाम मऊ आवाजात म्हणाल्या.

"मग मदत कोणत्या निकालावर नाकारली?"

 मिस्टर टेट यांनी कागद सारखे केले. भाऊसाहेबांनी खिशातून देवघरातली घंटा काढली आणि वाजवली.

ऊर्मीने पेनं सोडली. जवळच्या खुर्चीत जाऊन ताठ बसली, हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं.

"ऊठ बाळा," भाऊसाहेब म्हणाले. "चल, बाहेर जायचं. घंटा झाली की पळायचं. घरी आपण नवा धडा घेतला नं? चल."

ऊर्मी हलली नाही. ती आजोबांच्या तोंडाकडे बघत राहिली, कारण यानंतर तिथून एक शब्द यायचा असतो.

"सच अ गुड गर्ल," मिस्टर टेट म्हणाले.

भाऊसाहेबांचे ओठ नुसतेच हलले. शब्द काही येईना. ऊर्मीने बरीच वाट पाहिली, आणि मग आजोबांच्याच जाड हेडमास्तरी आवाजात स्वतःला म्हणाली, "शाब्बास."

शब्द मराठी होता, पण डॉक्टर लाफ्लामना तो कोणी समजावून सांगावा लागला नाही. त्यांनी आपला रिपोर्ट पुढे ओढला आणि शेवटच्या पानावरच्या 'गरज नाही'वर आडवी रेघ मारली. मिस्टर टेट घाईने म्हणाले की नवीन रिपोर्ट हवा असेल तर नियमाप्रमाणे आधी क्लास टीचरकडे अर्ज करावा लागेल, मग प्रिन्सिपलकडे, मग सुपरिंटेंडंटकडे. सवयीने "थँक यू" म्हणायला अबोलीने तोंड उघडलं होतं. ते तिने तसंच मिटलं आणि उठायचं सोडून खुर्ची आणखी पुढे ओढून बसली.