कात्रीवरचा हक्क

पाळी जाता जाता माझी झोपही घेऊन गेली. रात्रभर अंगातून वाफा, घामाने चिंब, आणि दिवसा घरच्या शिवणाच्या दुकानात कापड बेतताना डोळे मिटायचे. एकदा कापड उलटवायचं विसरले आणि कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. थोरल्या जाऊबाईंना आयतं कोलीत मिळालं. गिऱ्हाइकांदेखत म्हणाल्या, "या वयात बायकांच्या डोक्यावर परिणाम होतो." माझी कात्री स्वतः घेतली आणि मला बसवलं काज-बटणांना. वयाने माझ्याहून लहानच, पण मान थोरलीचा. अख्खी हयात मी कटिंगच्या टेबलाशी काढली होती. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तपासून हार्मोनची चिकटपट्टी दिली आणि झोपताना घ्यायची गोळी. हळूहळू मी ढाराढूर झोपायला लागले. हात पूर्वीसारखा चालायला लागला, पण कात्री काही परत मिळाली नाही.

यंदा जाऊबाईंची पाळी गेली आणि रात्र रात्र त्याही जागायला लागल्या. एका दुपारी माझ्याजवळ येऊन बसल्या. "तुला काय दिलं गं डॉक्टरीणबाईंनी? मलाही ने ना."

मागे त्यांच्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली होती, तेव्हा उशाशी मीच बसले होते. आणि पट्टी देण्याआधी डॉक्टरीणबाईंनी मला पहिलं तेच विचारलं होतं. असा आजार होऊन गेला असेल, तर ही पट्टी सहसा देत नाहीत म्हणाल्या होत्या. म्हणजे मला पक्कं माहीत होतं.

मी म्हटलं, "नेते की. आधी कटिंग माझ्याकडे द्या. आणि गिऱ्हाइकांसमोर सांगा, हिचा हात पक्का आहे म्हणून."

सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, अशी बाई. पण झोपेपुढे पीळही सुटला. मान खाली घालून त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. काय गार वाटलं म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. बाहेर आल्या त्या पडलेल्या चेहऱ्याने. "ती पट्टी मला नाही चालत म्हणाल्या. दुसरं काहीतरी देऊन बघू म्हणाल्या." मग माझ्याकडे रोखून बघितलं. "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

दुकानात परतल्यावर त्या टेबलापाशी घुटमळल्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. मला कीव आली, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "जाऊबाई, बटणं तिकडे आहेत."