बाईंना आपली भाषा येत नाही

परकी भाषा शिकवणाऱ्या बाईंना मुलांची भाषा येत नाही, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. बाई अर्थात तीच भाषा बोलत लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या आणि घरी सासूशी तिच्यातच भांडायच्या. पण दर वर्षी पहिल्या तासाला त्या कानाकडे बोट दाखवून नकारार्थी मान हलवायच्या, आणि तेवढ्यावर वर्ष निघायचं. बाजारात एखादा विद्यार्थी दिसला, की कांद्यांकडे बोट करून मुक्यानं उभ्या राहायच्या. भाजीवालीला त्यांची फार दया यायची. ती एखाददुसरा कांदा वरून घालायची.

पद्धत मात्र नामी होती. शेजारच्या वर्गात गणिताचे सर घसा फोडून ओरडायचे आणि मुलं त्यांना उलट उत्तरं द्यायची. बाईंच्या वर्गात ती सोय नव्हती. भांडायलाही भाषा लागते, आणि मुलांकडे परक्या भाषेतला फळं, रंग आणि आजची हवा एवढाच ऐवज होता. गडबड झाली की बाई दोन टाळ्या वाजवायच्या. वर्ग चिडीचूप. मुख्याध्यापक नव्या शिक्षकांना मुद्दाम हा तास बघायला पाठवायचे. मुलांनी आपल्याच नाकावर केलेले विनोद ऐकून चेहरा कोरा ठेवणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे, पण ते त्या नव्या शिक्षकांना कोण सांगणार?

सोमवारी घर आणि कुटुंबाचा धडा सुरू झाला. मागच्या बाकावर एक मुलगी होती, तिला सगळे टकळी म्हणत. ती बाकावरच्या मैत्रिणीला भर तासाला मोठ्यानं म्हणाली, "आई दवाखान्यात आहे. बाबा मला भेटायला नेत नाहीत. विचारलं की विषय बदलतात."

बाईंनी दोन टाळ्या वाजवल्या.

मंगळवारी तिनं तेच पुन्हा सांगितलं, तेही जरा आवाज चढवून. बाईंना तिला जवळ घेऊन विचारावंसं वाटलं. पण एकदा कळल्याचं दाखवलं, की इतक्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी. उद्यापासून त्यांनाही घसा फोडावा लागणार. त्यांनी टकळीला उचलून पहिल्या बाकावर, आपल्या टेबलासमोर बसवलं. बडबड्या मुलांवर सगळे शिक्षक हाच उपाय करतात.

बुधवारी प्रत्येकानं आईबद्दल एक वाक्य म्हणायचं होतं. कुणाची आई उंच होती, कुणाच्या आईला सफरचंद आवडत होतं. टकळीची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली आणि बाईंकडे बघत आपल्याच भाषेत म्हणाली, "आई घरी येणार की नाही, ते मला कुणीच सांगत नाहीये."

बाईंचे हात सवयीनं वर गेले. टाळी वाजली.

तास संपल्यावर मात्र त्यांनी तिला थांबवलं, दार लोटलं आणि आपल्या भाषेत विचारलं, "कुठल्या दवाखान्यात आहे गं आई? मी बोलते बाबांशी."

टकळीला काहीच नवल वाटलं नाही. "तुम्हाला कळतं, हे ठाऊक आहे सगळ्यांना," ती म्हणाली. "हसू आलं की तुम्ही फळ्याकडे वळता."

"मग कुणी कधी बोललं कसं नाही?"

"तुम्हाला आवडतं ना तसं. म्हणून."

बाईंना स्वतःची लाज वाटली. तरी त्या शिक्षकच. प्रश्न विचारल्याशिवाय राहवेना. "पण मग हे मैत्रिणीला सांगत बसण्यापेक्षा सरळ मला नाही का सांगायचं?"

"तिला कशाला सांगू? ती आमच्या शेजारीच राहते, तिला सगळं माहीत आहे," टकळी म्हणाली. "मी तुम्हालाच सांगत होते."