झाल्याली का ऱ्हायल्याली?

आमच्या पलूसकडं बाईला पोरं किती म्हनून इचारलं, की ती आदी उलटं इचारती, "झाल्याली का ऱ्हायल्याली?" मला झाल्याली नऊ, जगून ऱ्हायल्याली तीन. त्यात लाजायचं काय? समद्या गावाचं तसंच हुतं.

माजा थोरला सयाजी लढाईवरनं परत आला, त्याला वरीस झाल्यालं. त्याच्या रंगूचं पाचवं बाळतपन आल्यालं. आदीच्या चारातलं एकच ऱ्हायल्यालं. नववा लागला तवा साळूबाई सुईन तिचं पोट चाचपून म्हनली, "बनुबाई, पोरगी लय खंगलीया. जपा." सयाजीनं ते ऐकलं आन् हटूनच बसला. बाळतपन मिरजंच्या दवाखान्यातच!

माजं टकुरं फिरलं. "आगं बया! सून परक्याच्या हातात दिऊ? लढाईवर जाऊन लय शाना झालास व्हय रं?"

"आये, साळूमावशी नाळ कशानं कापती?"

"इळ्यानं. तुजी बी त्यानंच कापली."

"आन् माजी दोन आठ दिसांच्या आत आकडी यिऊन गेली. फौजंत गंजकी तार लागली तरी सुई टोचत्यात, आकडी यिऊ ने म्हनून."

मी म्हनलं, "देवानं दिली, देवानं नेली."

"तसं न्हाई, आये. इटलीत एका मास्तरनीच्या घरी आमी पानी मागितलं. मोडक्यातोडक्या बोलीत इचारलं, पोरं किती? म्हनली, दोन. म्हनलं, झाल्याली किती? तिला सवालच कळंना. परत आपली दोनच बोटं दावती."

"निस्ती दोन? कपाळ माजं! म्हातारपनी तिला बघनार कोन?"

"तीच दोन बघतील की. ती जगनार ह्ये तिला ठावं हाय. आपल्याला ठावं न्हाई, म्हनून आपुन नऊ काढतो."

सा लेकरं गेली माजी. साही जनांची त्वांडं डोळ्याम्होरं आली. दोन तर साळूबाईच्याच मांडीवर गेली, आन् ती माज्यापरास जास्त रडली हुती. तिला तरी इळ्याचं कुठं ठावं हुतं? लय वंगाळ वाटलं, खोटं कशाला बोलू.

रंगू चुलीपाशी खाली मान घालून भाकरी थापत हुती. एवढा येळ आमी मायलेकरं तिच्यावरनंच भांडत हुतो, पन तिला कुनी काय इचारलंच न्हवतं. मी जवळ जाऊन बसले. "रंगू, तुज्या मनात काय हाय, बोल."

तिनं पदर तोंडाला लावला. "आत्या, ह्ये एक जगू द्या. मग मला परत नगं. माज्यात आता मूठमाती द्यायचं बळ न्हाई."

मी उठले आन् सयाजीवर वराडले, "बघत काय बसलायस? गाडी जुप. मी बी येती."