शेंदराखालचा भीमा

मी एक जुने शिंग आहे. म्हशीच्या डोक्यावर वाढलेले आणि पुढे दारूने भरलेले. हसू नका मित्रांनो, दारू म्हणजे बंदुकीत ठासायची कोरडी दारू! शिपायाच्या खांद्याला मी लटकायचो. भर पावसातही माझ्या पोटातली दारू कधी भिजली नाही, याचा मला भारी तोरा होता.

माझा धनी भीमा. खर्ड्याच्या लढाईनंतर त्याने पोलादी टोच्याने माझ्या अंगावर किल्ल्याचा बुरूज, एक घोडा आणि खाली मोडी अक्षरांत स्वतःचे नाव कोरले. पुढे तशा बंदुका गेल्या, भीमाही गेला. घरच्यांनी मला देव्हाऱ्यात बसवले. दर खंडेनवमीला माझी पूजा व्हायची, तेल आणि शेंदूर लागायचा. शंभरावर वर्षे पुटावर पूट चढत गेले. घोडा झाकला, नाव झाकले, आणि खाली काय कोरले आहे हे घरात कोणालाच ठाऊक राहिले नाही. चूकच ती, पण मायेची. त्या घरची म्हातारी मनकर्णाबाई मला 'भीमाबाबा' म्हणायची आणि सणाचा नैवेद्य आधी मला दाखवायची.

तिचा मुलगा कानिफनाथ नगरला कचेरीत कारकून होता. योसेफ मास्तरांच्या घरी खोली घेऊन राहायचा. मास्तरांना दारूच्या जुन्या शिंगांचा नाद. हरणाचे, बैलाचे, कुणा गोऱ्या सार्जंटचे जहाज कोरलेले, अशी नऊ शिंगे त्यांच्या भिंतीवर होती. जर्मनीशी चाललेल्या मोठ्या लढाईमुळे तेव्हा नवी सायकल मिळणे कठीण, आणि मास्तरांची सायकल नुसती पडून होती. कानिफनाथाचा तिच्यावर डोळा.

एकोणीसशे चव्वेचाळीस साली तो खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गावी, खर्ड्याला आला. आई पाण्याला गेल्यावर त्याने मला उचलून पिशवीत कोंबले आणि माझ्या जागी बैलाचे साधे शिंग शेंदूर फासून ठेवले. आई आली आणि तिने त्या उपटसुंभापुढे हात जोडले! मी पिशवीतून सगळे ऐकत होतो. अरे, ज्याला मी रांगताना पाहिले, त्यानेच माझा केसाने गळा कापला!

"जुन्या बाजारात मिळालं," असे मास्तरांना सांगून त्याने मला दिले आणि सायकल घेतली. मास्तर भला माणूस. कोमट पाणी आणि बांबूची कामटी घेऊन त्यांनी आठ दिवस माझा शेंदूर उतरवला. घोडा दिसला तेव्हा त्यांनी टाळ्याच वाजवल्या. भिंतीवर मला मधोमध टांगले. कौतुक खूप झाले, पण मला घरी जायचे होते. त्याची आई एकदा इथे आली की मला ओळखेल, एवढ्याच आशेवर मी होतो.

आणि डॉक्टरला गुडघे दाखवायला ती नगरला आली. मास्तरांनी हौसेने मला तिच्या हातात दिले.

"बघा मनकर्णाबाई, यावर नाव कोरलंय. भीमा."

"अगं बया! आमच्या मूळपुरुषाचं नाव बी भीमाच! आमच्या घरी बी आसंच शिंग हाय."

बोल रे कानिफा, आता तरी बोल!

"आई, भीमा नावाचे पैशाला पासरी," तो हसत म्हणाला. "आपलं शिंग देव्हाऱ्यात हाय की."

"व्हय, ते बी खरंच." तिने घोड्यावरून बोटे फिरवली. "पर मास्तर, कुनाच्या तरी घरचंच आसंल न्हवं हे? त्या घरच्या म्हातारीचा जीव तुटत आसंल वो. कुनी इचारत आलं तर माघारी द्या बरं का."

"शब्द देतो, बाई," मास्तर म्हणाले.

कानिफनाथ दारात सायकलच्या साखळीला तेल घालत होता. त्याने मान वर केली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरच्या जुन्या वस्तूंना शेंदूर जरूर लावा, पण खाली काय कोरले आहे ते एकदा वाचा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही वाचून दाखवा. मास्तर शब्दाचे पक्के आहेत. कोणी विचारत आले तर ते मला तिथल्या तिथे देतील. पण येणार कोण? मनकर्णाबाई तिकडे खर्ड्याला त्या परक्या शिंगालाच 'भीमाबाबा' म्हणून नैवेद्य दाखवते आहे.